‘ठरणे’ आणि ‘ठरवणे’ : इंग्रजीच्या प्रगत शब्दसंग्रहाविषयी

इंग्रजीचा ‘प्रगत शब्दसंग्रह’ वाढविण्यासाठी आपले विद्यार्थी जी पुस्तके वापरतात, त्यांत निर्णय, भावना आणि आयुष्यातील स्थित्यंतरे यांवरील प्रकरणे हटकून असतात. डाव्या रकान्यात इंग्रजी शब्द, उजव्या रकान्यात मराठी प्रतिशब्द. ‘डिसाइड’, ‘रिझॉल्व्ह’ आणि ‘डिटरमिन’ या तिहींपुढे ‘ठरवणे’ हाच शब्द छापलेला आढळतो. ही पुस्तके निरुपयोगी आहेत असे नव्हे. परंतु खरी अडचण जेथे आहे तेथवर ती पोहोचतच नाहीत, असे प्रस्तुत लेखकाचे मत झाले आहे.

काही वर्षांपूर्वी एका पदव्युत्तर विद्यार्थ्याचा शिष्यवृत्तीसाठी केलेला अर्ज पाहण्यात आला. वडिलांच्या निधनामुळे त्याचे एक वर्ष वाया गेले होते. त्या वर्षाविषयी त्याने ‘आय वॉज व्हेरी डिप्रेसिंग’ असे लिहिले होते. शब्द त्याला ठाऊक होता, स्पेलिंगही बिनचूक होते. पण वाक्याचा अर्थ ‘मी इतरांना उदास करीत असे’ असा झाला. निवड समितीतील एक सभासद हसले. आपले सर्वांत मोठे दुःख सांगणाऱ्यास उत्तरादाखल हसू मिळावे, ही गोष्ट किरकोळ चूक म्हणून सोडून देता येत नाही.

इंग्रजीत भावनावाचक क्रियापदांची दोन कुळे आहेत. ‘फिअर’च्या कुळात अनुभव घेणारा कर्ता असतो, ‘फ्राइटन’च्या कुळात भावनेचे कारण कर्ता होते आणि अनुभव घेणारा कर्म. ‘डिप्रेस’, ‘बोअर’, ‘सरप्राइझ’, ‘डिसअपॉइंट’ ही सारी दुसऱ्या कुळातील. मराठीचा ओढा तिसऱ्याच रचनेकडे आहे : ‘मला कंटाळा आला’, ‘त्याला पश्चात्ताप झाला’. येथे अनुभव घेणारा चतुर्थीत जातो आणि भावनाच कर्तेपदी येते. बेल्लेत्ती आणि रिट्झी यांनी १९८८ साली इटालियनमधील अशा क्रियापदांचे तीन वर्ग मांडले. त्यांतील ‘पियाचेरे’ हे क्रियापद आपल्या ‘आवडणे’प्रमाणेच चतुर्थी घेते. इतकेच काय, प्राचीन इंग्रजीतही ‘लाइक’चा पूर्वज ‘आवडणे’सारखाच वागत असे. तेव्हा आमचा विद्यार्थी फारसे विचित्र काही करीत नाही. तो काही शतके उशिरा आला, इतकेच!

निर्णयांच्या बाबतीतही हाच प्रकार. ‘माझे पुण्यास जायचे ठरले’ या वाक्यात कोणी ठरवले हे सांगावेच लागत नाही. ‘डिसाइड’ला मात्र ठरवणारा हवा, तो लपवायचा तर कर्मणी प्रयोगाचा आडोसा घ्यावा लागतो. ‘माझे मन बदलले’ असे आपण सहज म्हणतो. इंग्रजीत ते ‘मी’च बदलावे लागते, ‘आय चेंज्ड माय माइंड’. स्थित्यंतरांचे पाहावे तर ‘नोकरी लागली’, ‘बदली झाली’, ‘लग्न ठरले’ : घटना कर्ता, आणि मनुष्य तिच्या वाटेवर उभा.

यावरून मराठी माणूस दैववादी आहे असा निष्कर्ष काढण्याचा मोह काहींना होतो. तो टाळावा. ‘मी ठरवले’, ‘मी चिडलो’, ‘मी घाबरलो’ हेही मराठीच आहे. ‘लग्न ठरले’ असे सांगणारी मुलगी ते स्वतः ठरवून आलेली असू शकते. प्रश्न वृत्तीचा नसून वाक्याच्या घडणीचा आहे.

या घडणीचे महत्त्व हॉर्नबीने फार पूर्वी ओळखले होते. १९४२ साली टोकियोत प्रसिद्ध झालेल्या त्याच्या कोशात क्रियापदांचे पंचवीस साचे दिले होते आणि प्रत्येक क्रियापद कोणत्या साच्यात बसते हे दाखविले होते. तो कोश जपानी विद्यार्थ्यांच्या गरजेतून जन्मला. रकान्यांची पुस्तके लिहिणाऱ्यांनी मात्र हॉर्नबीकडून शब्द उचलले आणि साचे तेथेच ठेवले, असे दिसते.

‘डिप्रेस’ शिकवायचे तर प्रथम ‘द न्यूज डिप्रेस्ड हिम’ हे वाक्य यावे. त्यातून ‘डिप्रेस्ड’ त्या माणसाकडे आणि ‘डिप्रेसिंग’ त्या बातमीकडे कसे जाते हे फळ्यावर दाखवावे. मराठी ‘उदास’ दोहोंना चालतो, माणूसही उदास आणि संध्याकाळही उदास. म्हणून तर घोटाळा होतो. उपरोक्त विद्यार्थ्याने पुढे आपली वही आणून दाखविली. तीत एवढीच नोंद होती : ‘डिप्रेसिंग – उदास.’