मौन, धूर आणि मुळाक्षर : समलिंगी प्रेमाच्या काही लघुचित्रपटांची भाषा

समलिंगी प्रेमावरील लघुचित्रपटांची चर्चा निघाली की ‘संयत’, ‘सूचक’, ‘मौनातून बोलणारा’ ही विशेषणे हटकून येतात. विद्यार्थ्यांच्या निबंधांत तर मौन हा जणू या चित्रप्रकाराचा स्वयंसिद्ध गुणच मानला जातो. वस्तुतः मौन हा गुणही नव्हे आणि दोषही नव्हे. ते कोणी लादले, कोणत्या यंत्रणेने टिकविले आणि त्याच्या पलीकडे जाण्यासाठी पात्रांच्या हाती कोणते साधन आहे, हे पाहिल्यावाचून त्याचे मोल ठरविता येत नाही. हे लघुचित्रपट एके काळी महोत्सवांच्या अंधाऱ्या सभागृहांपुरते मर्यादित होते. आता स्ट्रीमिंगच्या सोयीमुळे अशा कृती घरबसल्या, एकट्याने पाहता येतात. त्यामुळे त्यांचे केवळ स्वागत करून न थांबता त्यांची भाषा तपासणे अधिक निकडीचे झाले आहे.

या प्रकारातील मौनाचा मानदंड म्हणून झाँ जने या फ्रेंच लेखकाच्या ‘अँ शाँ दामूर’ (एक प्रेमगीत) या १९५० च्या चित्रपटाकडे पाहावे लागते. जनेने दिग्दर्शित केलेला हा एकमेव चित्रपट. कृष्णधवल आणि सुमारे सव्वीस मिनिटांचा. मूळ कृतीस ध्वनिपट्टीच नाही. तुरुंगातील दोन शेजारच्या कोठड्या, त्यांत दोन कैदी, मध्ये जाड भिंत, आणि दारांच्या छिद्रांतून डोकावणारा एक पहारेकरी, एवढीच सामग्री. भिंतीला एक बारीक भोक आहे. त्यातून गवताची काडी सारली जाते, एक कैदी सिगारेटचा धूर त्या काडीवाटे पलीकडे सोडतो आणि दुसरा तो तोंडात घेतो.

रोमान याकोबसन याने १९६० साली भाषेची जी सहा कार्ये सांगितली, त्यांत एक केवळ संपर्क टिकविण्याचे आहे. दूरध्वनीवर ‘हॅलो’ म्हणताना आपण काही सांगत नसतो. जोडणी शाबूत आहे एवढेच पडताळून पाहत असतो. जनेच्या चित्रपटातील धूर हा या कार्याचा निखळ नमुना होय. त्या धुरात आशय नाही, संकेतव्यवस्था नाही. फक्त मार्ग मोकळा आहे ही खात्री आहे. आणि ज्याला संपर्कच नाकारला गेला आहे, त्याच्या दृष्टीने संपर्क हाच आशय ठरतो. येथे मौन वातावरणनिर्मितीसाठी वापरलेले नाही, ते भिंतीने घडविले आहे. भिंत दिसते, तिची जाडी जाणवते, म्हणूनच धूर अर्थपूर्ण होतो. खिडकीबाहेर हेलकावे देत फेकला जाणारा फुलांचा गुच्छही याच जातीचा. तो वारंवार हुकतो. अखेर तो हाती लागतो तेव्हा पहारेकऱ्याची पाठ वळलेली असते. ज्याने सारे काही पाहिले त्याला नेमके हे दिसत नाही, हा या चित्रपटातील सर्वांत तीक्ष्ण विनोद म्हटला पाहिजे.

या निःशब्द कृतीला शब्दांची बाधा मात्र पुष्कळ झाली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली, ती अश्लील असल्याचा कॅलिफोर्नियातील न्यायालयाचा निर्णय कायम केला. जो चित्रपट एक शब्दही उच्चारीत नाही त्यावर न्यायालयांनी पानेच्या पाने लिहावीत, यावरून मौन कोणाचे आणि वाणी कोणाची हे पुरेसे स्पष्ट होते.

भारतात दंडसंहितेच्या छायेखाली वेगळे चित्र दिसते. रियाद विंची वाडिया यांचा ‘बॉमगे’ (१९९६) हा पुणे विद्यापीठात इंग्रजीचे अध्यापन केलेल्या आर. राज राव यांच्या कवितांवर आधारलेला असून तो मुळीच मूक नाही. तो बोलतो, उपहास करतो, धीटपणे बोलतो. पण इंग्रजीतून बोलतो. भारतातील अशा प्रकारच्या पहिल्या प्रयत्नांत ज्याची गणना होते त्या चित्रपटास वाणी होती, फक्त ती महानगरी, ग्रंथालयीन वाणी होती. मराठीपुरते पाहिले तर प्रश्न शिल्लक राहतो तो असा की, ज्यांना ही वाणी उपलब्ध नाही त्यांनी काय करावे?

फराज आरिफ अन्सारी यांच्या ‘सिसक’ (२०१७) या चित्रपटाने यास दिलेले उत्तर म्हणजे संवादांचा संपूर्ण त्याग. मुंबईची लोकल, रात्रीची वेळ, दोन पुरुष आणि त्यांची पुन्हा पुन्हा होणारी नजरानजर. एकही वाक्य नाही. शीर्षकाचा शब्द नेमका आहे. हिंदीतील ‘सिसक’ हा अनुकरणवाचक शब्द. दाबून धरलेल्या रडण्याचा, शब्द होण्यापूर्वीचा ध्वनी. मराठीत ‘हुंदका’ म्हटले तर तो फार मोकळा होतो. ‘मुसमुसणे’ जवळचे आहे, तरी त्यात रुसव्याची छटा मिसळते. तेव्हा नाव ध्वनीचे आणि चित्रपट निःशब्द, हा ताण दिग्दर्शकाने जाणीवपूर्वक निवडला असावा.

तथापि येथे एक अडचण उद्भवते. भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर लोकलच्या डब्यात दोन अनोळखी माणसांचे मौन हे चिन्हांकित नाही. तेथे न बोलणे हाच प्रघात आहे. तुरुंगात भिंत आहे, येथे ती नाही. अडसर आहे तो कायद्याचा आणि चारचौघांच्या नजरेचा, आणि तो अदृश्य आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते निष्प्रभ केलेले ३७७ वे कलम सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी पुन्हा जिवंत केले होते, आणि ‘सिसक’ त्याच काळातील आहे. त्या वेळच्या प्रेक्षकाला ही अदृश्य भिंत आपोआप जाणवत होती. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर प्रथमच हा चित्रपट पाहणाऱ्यास ती चित्रचौकटीतच दिसावयास हवी. ती पुरेशी दिसत नाही, आणि ही उणीव पार्श्वसंगीत भरून काढू लागते. जेथे दोघांच्या न बोलण्याचा अर्थ प्रेक्षकाने शोधावयाचा तेथे संगीत तो आधीच सांगून टाकते. संवाद काढून टाकले म्हणजे मौन साधते असे नव्हे. नजरांचे हे नाट्य हृद्य आहे हे मान्य करूनही, ‘सिसक’ मूक असण्यापेक्षा शब्दविरहित आहे, एवढेच म्हणता येईल.

रोहन परशुराम कानवडे यांचा ‘उ उषाचा’ (२०१९) हा मराठी लघुचित्रपट या दोहोंहून निराळ्या दिशेने जातो, आणि प्रस्तुत चर्चेच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. उषा ही शेतमजुरी करून एकटीने संसार ओढणारी, निरक्षर आई. गावच्या प्राथमिक शाळेतील शिक्षिकेविषयी तिला ओढ वाटू लागते आणि त्या ओढीतून ती लिहावाचावयास शिकण्यास प्रवृत्त होते. कथासूत्र इतके साधे आहे की ते सांगताना त्यात काही विशेष आहे असे वाटूही नये.

विशेष आहे ते हे की, येथे प्रेम आणि भाषा यांचा क्रम उलटला आहे. नागर कथांमध्ये पात्राजवळ भाषा असते आणि प्रेमाला नाव देण्याचे धैर्य नसते. उषेजवळ मुळात अक्षरच नाही. ‘समलिंगी’ हा शब्द मराठीत कायद्याच्या आणि वैद्यकाच्या वाटेने आला. ‘क्वीअर’ ही इंग्रजीतील शिवी त्याच लोकांनी अभिमानाने स्वीकारल्यावर इकडे पोचली. शेतावर राबणाऱ्या बाईच्या बोलीत यांपैकी एकही नाही. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) या नाटकातील मित्रा महाविद्यालयीन वर्तुळात वावरते, तरी तिची गोष्ट बापू या मित्राच्या तोंडून प्रेक्षकांस कळते. तिच्या प्रेमाला पुरुषाचे निवेदन मध्यस्थ म्हणून लागले. उषेच्या बाबतीत मध्यस्थ आहे ती मुळाक्षरांची पाटी. लिहावयास शिकणे म्हणजे दुसऱ्याने काढून दिलेल्या अक्षरावरून आपला हात फिरविणे. मराठीत यास ‘गिरवणे’ असा सुरेख शब्द आहे. शिकणारी आणि शिकविणारी यांच्यातील ही जवळीक गावाच्या नजरेत निर्दोष ठरते, आणि त्या निर्दोषतेच्या आडोशाने ओढीला रूप घेण्यास जागा मिळते. जनेच्या कैद्याने भिंतीत शोधलेले भोक ते हेच.

एक आक्षेप मात्र नोंदविला पाहिजे. प्रेमातून साक्षरता निष्पन्न होते, म्हणून ते प्रेम उपयुक्त आणि म्हणून क्षम्य, असा प्रौढशिक्षणाच्या प्रचारपटाचा वास या कल्पनेस येऊ शकतो. ज्या प्रेमातून काहीच चांगले निष्पन्न होत नाही त्यालाही असण्याचा अधिकार आहे. जनेचे कैदी शेवटपर्यंत कैदीच राहतात. धुराने त्यांची सुधारणा होत नाही. या कसोटीवर ‘उ उषाचा’ थोडा सुसंस्कृत वाटतो. तरीही हा आक्षेप त्याला पूर्णपणे लागू होत नाही, आणि याचे कारण त्याच्या शीर्षकात आहे.

अंकलिपीतील सूत्र सर्वांच्या परिचयाचे आहे : क कमळाचा, उ उखळाचा. अक्षर हे एखाद्या वस्तूच्या मालकीचे असते. ‘चा’ हा षष्ठीचा प्रत्यय ती मालकी दाखवितो. उखळ हे तर घरातील बाईच्या श्रमाचेच साधन. त्या उखळाच्या जागी शीर्षकाने त्या बाईचे नाव बसविले आहे. शिवाय येथे व्याकरणाची एक बारीक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आकारान्त स्त्रीलिंगी नामाचे सामान्यरूप एकारान्त होते : शाळा, शाळेचा, भाषा, भाषेचा. त्या नियमाने ‘उषेचा’ व्हावयास हवे होते. आजच्या बोलण्यात विशेषनामे पुष्कळदा अविकृत ठेवली जातात, तेव्हा ‘उषाचा’ या रूपात अशुद्ध असे काही नाही. परंतु परिणाम असा होतो की प्रत्यय लागूनही नाव वाकत नाही. अक्षर तिचे होते, ती अक्षराची होत नाही; तिला सुधारण्याची भाषा येथे नाही, तिच्या स्वामित्वाची आहे.

इंग्रजी शीर्षकात हे टिकत नाही. ‘यू फॉर उषा’ म्हटले की अक्षर केवळ उषेचा निर्देश करते; मालकीचा संबंध गळून जातो. परभाषिक प्रेक्षक हा चित्रपट त्याच नावाने ओळखतो. कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट २०२५ साली सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्र विभागाचे परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळवून गेला. त्याचेही इंग्रजी नाव ‘कॅक्टस पेअर्स’ असे आहे. साबर म्हणजे निवडुंग, बोंड म्हणजे त्याचे काटेरी सालीचे लाल फळ. ते खाण्यापूर्वी त्यावरील कूस काढावी लागते, हे त्या नावातून मराठी खेड्यातील कोणत्याही मुलास न सांगता कळते.