‘अदृश्य’ साचे आणि दिसणारे प्रश्न

दातांना तारा लावलेली मुले शहरी शाळांत आता सर्रास दिसतात. तारांना पर्याय म्हणून पारदर्शक प्लास्टिकचे साचे, म्हणजे अलाइनर, आले आहेत. त्यांच्या जाहिरातींत तीन शब्द हमखास आढळतात: अदृश्य, वेदनारहित आणि झटपट. पालक शिक्षकांचाही सल्ला घेतात. म्हणून हे शब्द तपासून पाहावेत असे आम्हाला वाटले.

आधी ‘झटपट’. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ थर असतो. दातावर हलका दाब टिकून राहिला, की दाबाच्या बाजूचे हाड काही पेशी झिजवतात. विरुद्ध बाजूला दुसऱ्या पेशी नवे हाड बांधतात. दाब तारेचा की प्लास्टिकचा, हे हाडाला कळत नाही. ते आपल्याच गतीने बदलते. एक साचा दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकवतो आणि एक-दोन आठवडे वापरावा लागतो. तीन मिलिमीटरसाठी बारा साचे, म्हणजे तीन ते साडेपाच महिने. तेही सारे मनासारखे घडले तर!

‘वेदनारहित’ हेही अर्धसत्य आहे. तार गालाला टोचत नाही, हा फायदा खरा. पण तंतूंवर दाब आला की दात ठणकणारच. आणि ‘अदृश्य’? गोलसर दात फिरवायला नुसत्या साच्याची पकड पुरत नाही. म्हणून दातांवर दाताच्याच रंगाचे उंचवटे चिकटवतात. जवळून ते दिसतात.

साचे काढून दात नीट घासता येतात, ही मोठीच सोय आहे. परंतु संगणकाच्या पडद्यावर सरळ होत जाणारे दात दाखवले जातात, ती योजना असते, निकाल नव्हे. २००९ सालच्या एका अभ्यासात समोरच्या दातांची योजलेल्यापैकी सरासरी ४१ टक्केच हालचाल प्रत्यक्षात झाली. २०२० मधील अभ्यासात हे प्रमाण ५० टक्क्यांवर आले. सुधारणा झाली, पण उरलेल्या निम्म्यासाठी पुन्हा नवे साचे लागू शकतात. टपालाने साचे पाठवणारी अमेरिकेतील स्माइलडायरेक्टक्लब ही कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली, तेव्हा अनेकांचे उपचार अर्धवट राहिले. दातांच्या डॉक्टरांची प्रत्यक्ष देखरेख अनावश्यक नाही, हेच यातून दिसते.

आमचा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. हे साचे रोज वीस ते बावीस तास तोंडात हवेत. तार काढता येत नाही. साचा काढता येतो, आणि डबा खाताना कागदात गुंडाळून ठेवलेला साचा कचऱ्याच्या टोपलीतही जातो. इन्व्हिझलाइनने २००८ मध्ये किशोरांसाठी जे साचे काढले, त्यांवर वापराबरोबर फिके होणारे निळे ठिपके होते. मुले साचे घालत नाहीत, ही शंका उत्पादकांनाच होती! असे असता उपचार फसल्याचा सारा दोष तेरा-चौदा वर्षांच्या मुलावर टाकणे न्याय्य नव्हे. शिस्त जमेल का, हे उपचाराआधी त्यालाच विचारायला हवे.

आणखी एक गोष्ट आपल्या हातची आहे. मुलाला उपचार ‘अदृश्य’ का हवा असतो? वर्गात कोणी हसेल म्हणून. दात कसे सरकतात हे आपण वर्गात एकदा नीट समजावले, तर तारेकडे पाहून हसण्याऐवजी मुले कदाचित प्रश्न विचारतील.