‘रूट 66’ : गाण्यातला ‘तू’ कोण?

गाणं ऐकताना ते कोणाला उद्देशून आहे, हे आपण सहसा विचारत नाही. आज ‘रूट 66’ला हाच प्रश्न विचारू या.

1946 साली बॉबी ट्रूप पत्नी सिंथियासह पेनसिल्व्हेनियाहून मोटारीने कॅलिफोर्नियाला निघाला. गाण्याचं शीर्षक तिने सुचवलं, गाणं त्याने रचलं आणि त्याच वर्षी नॅट किंग कोलच्या त्रिकुटाने ते ध्वनिमुद्रित केलं. शिकागो ते लॉस एंजेलिस, सुमारे 3,900 किलोमीटरचा रस्ता. आणि गाण्यात आहे काय? बघा, बरीचशी नुसती गावांची नावं! ती क्रमाने पश्चिमेकडे सरकतात. पण फ्लॅगस्टाफच्या पूर्वेला असलेलं विनोना मात्र त्याच्यानंतर येतं, यमकासाठी. म्हणजे नकाशापेक्षा कानाचं ऐकलं. रोलिंग स्टोन्सनी 1964 साली हे गाणं मुद्रित केलं, तेव्हा त्यांचा अमेरिकेचा पहिला दौराही झाला नव्हता. नावांची लय पुरेशी होती.

पण त्या काळी नावांची दुसरीही एक यादी होती. न्यूयॉर्कचे टपाल कर्मचारी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी 1936 पासून कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी ‘ग्रीन बुक’ काढलं. कुठे खोली मिळेल, कुठे जेवता येईल, याची ती यादी. कारण या मार्गावरच्या अनेक गावांत अंधार पडल्यावर त्यांना थांबणं धोक्याचं होतं. गाण्याची यादी सांगते वाटेत काय लागतं. ग्रीन यांची यादी सांगते कुठे थांबता येतं. हे गाणं घराघरांत पोचवणारा कोल स्वतः कृष्णवर्णीय होता. 1948 साली त्याने लॉस एंजेलिसमध्ये, म्हणजे गाण्यातला रस्ता जिथे पोचतो त्याच शहरात, घर घेतलं. तेव्हा गोऱ्या शेजाऱ्यांनी विरोध केला.

मग गाणं खोटं म्हणायचं का? आम्हाला तसं वाटत नाही. त्याची रचना ‘जर-तर’ची आहे : तू पश्चिमेला निघालास, तर या वाटेने जा. तर्कशास्त्रात असं विधान, कोणाला निघताच आलं नाही म्हणून खोटं ठरत नाही. अडचण वेगळी आहे. ‘तू’ म्हटलं की तो कोणीही असू शकतो, असं गाणं गृहीत धरतं. प्रत्यक्षात त्या ‘तू’ला रंग होता.

आता कोणी म्हणेल, कोलच्या आवाजात छुपा निषेध आहे. तसंही नको. तो आवाज मोकळा आहे, खेळकर आहे. त्यावर आपलं दुःख लादणं हा त्याच्या कलेवर अन्याय. समीक्षेचं काम एवढंच, की तो आनंद हिरावून न घेता त्याची व्याप्ती विचारायची.

1985 साली तो रस्ता अधिकृत महामार्गांच्या यादीतून वगळला गेला. गाणं राहिलं. घरी गेल्यावर कोलचं मुद्रण पुन्हा ऐका, पाय ठेका धरू द्या. आणि प्रत्येक नावाला मनात एवढंच विचारा : इथे रात्री त्याला खोली मिळाली असती का?