सोफ्याच्या मापाचं आभाळ

जळगावात किंवा धुळ्यात भिंतीसाठी निसर्गचित्र घ्यायला गेलं, की आधी माप ठरतं. सोफ्याच्या वर लावायचंय की जिन्यात? चित्रकाराचं नाव निघालंच तर नंतर. छापील प्रतींना नाकं मुरडणाऱ्यांचं मला पटत नाही. खानदेशातून लंडनची नॅशनल गॅलरी लांब आहे. आपल्यापैकी बहुतेकांना जॉन कॉन्स्टेबल भेटणार तो छापीलच. म्हणून तर तो नीट छापलेला हवा.

त्याचं १८२१ सालचं ‘द हे वेन’ घ्या. उथळ पाण्यात उभी असलेली रिकामी चाऱ्याची गाडी, डाव्या कडेला घर, पलीकडे कुरण आणि वर ढगांनी भरलेलं आभाळ. नदीच्या पात्रातून कडब्याची गाडी जाताना पाहिलेल्या माणसाला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. पण मूळ चित्र सुमारे १३० बाय १८५ सेंटिमीटर आहे, म्हणजे सहा फूट रुंद. १८ बाय २४ इंचांच्या तयार फ्रेमचं प्रमाण त्याच्याशी जुळत नाही. फ्रेम पूर्ण भरायची तर मूळ चित्राची जवळजवळ बारा सेंटिमीटर रुंदी कापावी लागते. नाहीतर वर-खाली कोरी पट्टी सोडावी लागते. पट्टी डोळ्यांना खुपते, कापलेलं मात्र कळतही नाही. त्यामुळे कात्री चालते.

‘छापील म्हटल्यावर एवढं चालायचंच’ हे समर्थन चाळीसगावात तरी टिकू नये. तिथल्या केकी मूस (१९१२–१९८९) यांनी टेबलावर साध्या वस्तू मांडल्या, त्यांवर प्रकाश पाडला आणि खऱ्या निसर्गदृश्याचा भास होईल अशी छायाचित्रं काढली. ते डोंगर, ती झाडं बाहेर कुठेच नव्हती. कागदावर उमटलं तेच मूळ चित्र. त्यात कडेला काय ठेवायचं, काय सोडायचं, हे फ्रेमच्या मापाने ठरवलं नाही, त्यांच्या नजरेने ठरवलं.

छापील असणं हा दोष नाही. चित्र लहान झालं तरी आपण जवळ जाऊन बघू शकतो. कापलेला भाग मात्र कितीही जवळ गेलं तरी दिसत नाही. तेव्हा पैसे देण्याआधी मोबाइलवर मूळ चित्र उघडा आणि चारही कडा ताडून बघा. कमी पडत असेल, तर पांढरा माउंट टाकून पूर्ण चित्र बसवून मागा. भिंतीवर चित्र थोडं लहान दिसेल, पण कॉन्स्टेबलने रंगवलेलं आभाळ सगळं असेल.