काळ्या मातीचे मत : मिसिसिपीच्या एका निकालाची फेरतपासणी

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकांचे काउंटीवार नकाशे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना दक्षिणेतली ती निळी कमान परिचयाची असेल. भोवताली सगळे रिपब्लिकन लाल, आणि मधून अलाबामा-मिसिसिपीतून जाणारा डेमोक्रॅटिक निळा पट्टा. त्याचे स्पष्टीकरणही मोहक आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथे उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी चुनखडी साचली. तिच्यापासून काळी, कसदार जमीन तयार झाली. त्या जमिनीत कापूस उत्तम आला. कापसासाठी गुलाम आणले गेले. त्यांचे वंशज तिथेच राहिले आणि ते आज डेमोक्रॅटिक पक्षाला मते देतात. थोडक्यात, खडकापासून मतपेटीपर्यंत एक सरळ रेघ.

ही रेघ मीही एकदा ओढली होती. काही वर्षांपूर्वी एका व्याख्यानात मी आपल्याकडच्या काळ्या मातीचा दाखला देऊन हे सगळे रंगवून सांगितले आणि श्रोत्यांना ते आवडले. राज्यशास्त्राचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. आकड्यांची कोष्टके वाचण्याचा नाद मात्र जुना आहे. त्याच नादात पुढे मिसिसिपीचा १९६४चा निकाल काउंटीवार वाचायला घेतला आणि आपण व्याख्यानात काय सांगून बसलो हे लक्षात आले. हा लेख म्हणजे त्या व्याख्यानाची दुरुस्ती आहे.

आधी राज्याचे आकडे. ३ नोव्हेंबर १९६४ रोजी लिंडन जॉन्सन देशभर ६१ टक्क्यांहून अधिक मते घेऊन निवडून आले. त्यांचे प्रतिस्पर्धी बॅरी गोल्डवॉटर यांनी जेमतेम सहा राज्ये जिंकली : त्यांचे स्वतःचे ॲरिझोना आणि दक्षिणेतली पाच. त्या पाचांत मिसिसिपीचा निकाल थक्क करणारा आहे. तिथे गोल्डवॉटरना ३,५६,५२८ मते, जॉन्सनना ५२,६१८. म्हणजे शंभरात सत्त्याऐंशी. जे राज्य १९३६ साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या रूझवेल्टना ९७ टक्के मते देत होते, त्याने अठ्ठावीस वर्षांनी त्याच पक्षाला असे फेकून दिले. कारण उघड आहे. जुलै १९६४मध्ये जॉन्सन यांनी नागरी हक्क कायद्यावर सही केली, आणि त्याच कायद्याच्या विरोधात सिनेटमध्ये ज्यांनी मत दिले होते त्यांत गोल्डवॉटर होते.

इथवर कोणीही सांगेल. मला अडवले ते काउंटीवार आकड्यांनी. गोल्डवॉटरना सर्वांत जास्त मते कुठे पडली? जिथे कृष्णवर्णीयांची वस्ती सर्वांत दाट, नेमके तिथे. होम्स काउंटीत दर दहा माणसांत सात कृष्णवर्णीय. तिथे गोल्डवॉटरना ९५ टक्क्यांच्या वर मते. उलट ईशान्येकडच्या डोंगराळ, बहुसंख्य गोऱ्या काउंट्यांत जॉन्सन यांची त्यातल्या त्यात बरी अवस्था होती. आता हेच कोष्टक राज्याची काही माहिती नसलेल्या, पण हिशोबात हुशार अशा माणसाच्या हाती द्या. कृष्णवर्णीय वस्तीचे प्रमाण एका रकान्यात, गोल्डवॉटर यांची टक्केवारी दुसऱ्या रकान्यात. तो बेधडक लिहून देईल की कृष्णवर्णीय मतदारांचा कौल नागरी हक्क कायद्याच्या विरोधात होता.

डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० साली एका छोट्या निबंधात हाच धोका दाखवला होता. १९३०च्या अमेरिकन जनगणनेत ज्या राज्यांत परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण जास्त, तिथे साक्षरता जास्त दिसते. प्रत्यक्षात परदेशात जन्मलेला माणूस देशात जन्मलेल्यापेक्षा कमी साक्षर होता. स्थलांतरित मुळातच अधिक साक्षर राज्यांत जाऊन राहिले, एवढाच त्याचा अर्थ. समूहाच्या आकड्यावरून माणसाचे वर्तन काढता येत नाही, हा त्यांचा मुद्दा. आपल्याकडे निकालाच्या दुसऱ्या दिवशी ‘अमुक तालुक्यात अमुक समाज मोठा आणि तमुक उमेदवाराला आघाडी, म्हणजे त्या समाजाने साथ दिली’ असे जे लिहिले जाते, ते रॉबिन्सनना न वाचताच. पण मिसिसिपीचे दुखणे यापेक्षा खोल आहे. तिथे प्रश्न असा होता की ज्यांच्याबद्दल अनुमान काढायचे, ती माणसे कोष्टकात होती कुठे?

ती नव्हतीच. १९६५च्या मतदान हक्क कायद्यापूर्वी मिसिसिपीत मतदानाच्या वयाच्या कृष्णवर्णीयांपैकी ६.७ टक्क्यांचीच नावे मतदारयादीत होती. होम्सच्या मतपेटीत पडलेली मते त्या काउंटीतल्या गोऱ्यांची होती. संख्येने थोडे, जमीनदारीत मोठे आणि भोवतालच्या बहुसंख्येला घाबरलेले. काळी माती तीच, कापूस तोच, माणसेही तीच. निकाल मात्र माझ्या व्याख्यानातल्या रेघेच्या नेमका उलटा.

या जमिनीवर ज्यांचे पुस्तक आजही प्रमाण मानले जाते त्या व्ही. ओ. की यांना ही गोष्ट ठाऊक होती. १९४९ साली निघालेल्या त्यांच्या दक्षिणेच्या राजकारणावरील ग्रंथाचा कणाच तो आहे. दक्षिणेला राष्ट्रीय राजकारणात एकसंध ठेवतो तो दाट कृष्णवर्णीय वस्तीच्या पट्ट्यातला गोरा, कारण बहुसंख्येला मत मिळाले तर सर्वांत जास्त गमावण्यासारखे त्याच्याकडे आहे, असे ते दाखवतात. मिसिसिपीवरच्या प्रकरणात त्यांनी डेल्टा आणि डोंगर यांचा जुना झगडा मांडला आहे : खाली गाळाच्या जमिनीतले मळेवाले, वर हलक्या जमिनीतले गरीब गोरे शेतकरी. त्यांच्यानंतर पंधरा वर्षांनी लागलेला १९६४चा निकाल त्यांच्या सिद्धान्ताचे इतके चोख उदाहरण आहे की तो पाहायला ते हयात नव्हते याची चुटपुट लागते.

तरीही त्यांच्याशी माझे एका ठिकाणी पटत नाही. १८९०च्या राज्यघटनेने कृष्णवर्णीयांचे मत काढून घेतले खरे, पण दहशत आणि मतपेट्यांतल्या लबाडीने ते आधीच गेलेले होते, कायद्याने घडलेल्या गोष्टीवर शिक्का मारला, अशी की यांची मांडणी आहे. मॉर्गन कूसर यांनी १९७४च्या आपल्या ग्रंथात आकडे मांडून याला हरकत घेतली. कायद्याने प्रत्यक्ष फरक पडला, तो करणारे वरच्या थरातले होते, आणि त्याच्या कात्रीत गरीब गोरेही सापडले, हे त्यांनी दाखवले. माझे मत कूसर यांच्या बाजूने आहे. दहशत दरवर्षी नव्याने घालावी लागते. कायदा एकदा केला की कारकूनही तो राबवू शकतो.

हा कायदा कसा होता ते पाहण्यासारखे आहे. वर्षाला दोन डॉलर मतदान-कर. राज्यघटनेतले कलम वाचता यावे, किंवा वाचून दाखवल्यावर त्याचा ‘योग्य अर्थ’ सांगता यावा, आणि अर्थ योग्य की अयोग्य हे ठरवणार नोंदणी कारकून. पुढे १९५४मध्ये वाचणे, लिहिणे आणि अर्थ सांगणे तिन्ही सक्तीचे झाले. कुठेही ‘वर्ण’ हा शब्द नाही. म्हणूनच १८९८ साली सर्वोच्च न्यायालयाला त्यात काही वावगे दिसले नाही. १८९०मध्ये राज्यात कृष्णवर्णीय बहुसंख्य होते. दोन वर्षांनी मतदारयादीत त्यांची संख्या नऊ हजारांच्या आत आली. यादी किती आकसली याचा पुरावा रूझवेल्टच्या त्या ९७ टक्क्यांतही आहे : वीस लाखांवर वस्तीच्या राज्यात १९३६ साली मते पडली सुमारे १ लाख ६२ हजार. एवढ्या कमी मतांत कृष्णवर्णीय गळाले हे उघड आहे, पण गोरे तरी किती उरले?

ऑगस्ट १९६२मध्ये फॅनी लू हेमर नावाची, डेल्टातल्या एका मळ्यावर राबणारी बाई नाव नोंदवायला इंडियानोलाच्या कचेरीत गेली. तिला राज्यघटनेतल्या ज्या कलमाचा अर्थ विचारला ते ‘डी फॅक्टो’ कायद्यांविषयीचे होते. आपल्याला त्यातले काही ठाऊक नव्हते, असे तिने पुढे मोकळेपणी सांगितले. चांगल्या वकिलालाही दोन ओळींत सांगता येणार नाही ते तिने तरी कसे सांगावे? त्याच दिवशी मळ्याच्या मालकाने तिला घराबाहेर काढले. अठरा वर्षांचे काम गेले. दोन वर्षांनी, ऑगस्ट १९६४मध्ये, डेमोक्रॅटिक पक्षाच्या अटलांटिक सिटीतल्या अधिवेशनात तिची साक्ष देशाने दूरचित्रवाणीवर पाहिली. आपल्या राज्याच्या सर्वगोऱ्या प्रतिनिधीमंडळाऐवजी तिचे सहकारी बसू पाहत होते. पक्षाने दोन जागा देऊ केल्या. त्यांनी त्या नाकारल्या.

आता पुन्हा होम्सकडे, कारण मातीचा खरा संबंध मला तिथे सापडला. हेमरबाईंना घरातून काढता आले, कारण घर मालकाचे होते. होम्सच्या डेल्टा भागात मायलस्टन नावाची वस्ती आहे. १९४०च्या आसपास सरकारने तिथले मळे विकत घेऊन लहान तुकडे पाडले आणि बटाईने राबणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांना ते लांब मुदतीच्या कर्जावर विकले. एप्रिल १९६३मध्ये लेक्सिंग्टनच्या कोर्टात नाव नोंदवायला जे पहिले चौदा जण गेले, ते प्रामुख्याने या मायलस्टनचे, स्वतःच्या शेताचे धनी. त्यांच्यातले हार्टमन टर्नबो पुढे सरसावले, तर महिन्याभरात त्यांच्या घरावर आगीचे बॉम्ब पडले, आणि स्वतःचे घर स्वतःच पेटवल्याच्या आरोपाखाली अटकही त्यांनाच झाली. पण त्यांना जमिनीवरून हुसकता आले नाही. चुनखडी, समुद्र, कापूस यांपेक्षा सातबारा कोणाच्या नावावर आहे (तिथे अर्थातच सातबारा नाही, पण वाचकांना कळावे म्हणून हा शब्द) हे मला अधिक निर्णायक वाटते. याच होम्समधून १९६७ साली रॉबर्ट क्लार्क राज्याच्या विधिमंडळावर निवडून गेले. एकोणिसाव्या शतकानंतरचे पहिले कृष्णवर्णीय सदस्य. पुढची आठ वर्षे ते तिथे एकटेच होते.

१९६५च्या कायद्यानंतर काय झाले हे १९६८चा निकाल सांगतो. दोन वर्षांत कृष्णवर्णीयांची नोंदणी ६.७वरून ५९.८ टक्क्यांवर गेली. डेमोक्रॅटिक उमेदवार हम्फ्री यांना १,५०,६४४ मते पडली, म्हणजे जॉन्सनपेक्षा ९८ हजारांनी अधिक. इथे थांबणारे अभ्यासक बरेच आहेत. पण एकूण मते ४,०९,१४६वरून ६,५४,५०९वर गेली होती. जॉर्ज वॉलेस यांना ४,१५,३४९ आणि निक्सन यांना ८८,५१६ मते मिळाली. दोघांची बेरीज गोल्डवॉटर यांच्या मतांपेक्षा जवळपास दीड लाखाने जास्त. म्हणजे कुलूप निघाल्यावर नव्याने आत आलेल्यांत गोऱ्यांची संख्याही मोठी होती, आणि त्यांतले बहुतेक वॉलेसमागे गेले असावेत. ज्या करामुळे आणि कसोटीमुळे आपणही बाहेर होतो, ती घालवणाऱ्या पक्षाला त्यांनी मत दिले नाही. याला कृतघ्नपणा म्हणणे सोपे आहे. मला वाटते, त्यांनी स्वतःला कधी ‘वगळलेले’ मानलेच नव्हते. मत देता येत नव्हते, तरी दाखल्यावरचा वर्ण शाबूत होता.

१९७६मध्ये जिमी कार्टर यांनी निसटत्या फरकाने राज्य जिंकले. त्यानंतर तिथे एकही डेमोक्रॅट जिंकलेला नाही. मधली वर्षे मी ओलांडून जातो. ती इतर राज्यांसारखीच आहेत. २००८ घेऊ. मतदानोत्तर पाहणीनुसार मिसिसिपीतल्या ९८ टक्के कृष्णवर्णीयांनी ओबामांना मत दिले आणि ८८ टक्के गोऱ्यांनी मॅकेनना. राज्याचा निकाल : मॅकेन ५६, ओबामा ४३. होम्समध्ये ओबामांना ऐंशी टक्क्यांच्या आसपास मते. १९६४चे कोष्टक शेजारी ठेवले तर होम्स पूर्ण उलटलेले दिसते. पण बदलली ती मतदारयादी. गोऱ्यांचे मन तेव्हाही तिकडेच होते. डोंगराळ ईशान्येकडची टिशोमिंगो काउंटी आज शंभरात ऐंशीहून अधिक मते रिपब्लिकनांना देते. डेल्टा आणि डोंगर हा की यांनी रंगवलेला गोऱ्यांमधला झगडा मिटला, तो असा.

देशात कृष्णवर्णीयांचे प्रमाण सर्वांत जास्त, म्हणजे सुमारे ३७ टक्के, ज्या राज्यात आहे, त्याच्याकडे अध्यक्षपदाचे उमेदवार प्रचारालाही फारसे फिरकत नाहीत. निकाल आधीच ठरलेला असतो. ओळीने सगळे निर्वाचक एकाच पक्षाला. निळी कमान नकाशावर देखणी दिसते. मोजणीत तिचे वजन शून्य. नकाशावर भाळलेल्या माणसाला हे दिसत नाही, मलाही दिसले नव्हते.

१८९०च्या त्या राज्यघटनेतले एक कलम अजून जिवंत आहे : क्रमांक २४१. कोणत्या गुन्ह्यासाठी मताधिकार कायमचा जाईल त्याची यादी त्यात आहे. मूळ यादीत चोरी होती, जाळपोळ होती, खोटी सही होती, दोन लग्ने करणे होते. खून नव्हता. कृष्णवर्णीय माणसे कोणत्या गुन्ह्यांत अडकतील याचा घटनाकर्त्यांनी लावलेला हा अंदाज होता. खुनाची भर १९६८ साली पडली. चोरी आजही यादीत आहे.