वंशावळीतील 'जमात' हा रकाना : निहाल या नावाच्या निमित्ताने

आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली चार खंडांत प्रसिद्ध केलेला मध्य प्रांतातील जमाती व जातींवरील ग्रंथ आजही आपल्याकडील प्रबंधांच्या पहिल्या प्रकरणात हटकून भेटतो. त्यातील माहिती विपुल आहे, व तिचा उपयोग करू नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्या ग्रंथातील नामाभिधाने व वर्गवारी जशीच्या तशी उचलून ती वंशावळींच्या कोष्टकांत भरण्याची जी रीत पडली आहे, तिचा विचार मात्र अद्याप पुरेसा झालेला नाही. प्रस्तुत लेखात एकाच नावाचा धागा धरून हा विचार करावयाचा आहे. ते नाव म्हणजे निहाल.

निहाल लोकांची वस्ती सातपुड्याच्या दोन्ही अंगांस आहे. महाराष्ट्रात ती मुख्यतः बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद तालुक्याच्या डोंगराळ पट्ट्यात आढळते. त्यांची निहाली ही भाषा भाषाशास्त्रज्ञांच्या परिचयाची आहे, कारण भारतातील कोणत्याही ज्ञात भाषाकुलाशी तिचे मूळ जोडता आलेले नाही. स्टेन कोनो यांनी भाषिक सर्वेक्षणाच्या १९०६ सालच्या चौथ्या खंडात तिला मुंडा गटात कोरकूच्या शेजारी बसवले. पुढे १९६२ साली कायपर यांनी तिचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा कोरकू, द्राविडी व आर्य शब्द वेगळे काढल्यावरही मोठा अंश कशातच न बसता उरतो हे स्पष्ट झाले. दोन, तीन, चार या संख्या द्राविडी वळणाच्या आणि पाचापासून पुढच्या आर्य, असा या भाषेचा संसार आहे.

आता रसेल-हिरालाल काय म्हणतात ते पाहू. त्यांच्या मते निहाल हे बहुधा भिल्ल व कोरकू यांच्या मिश्रणातून झाले. जनगणनेत त्यांना कोरकूंची पोटजमात म्हणून धरल्याचे ते नमूद करतात, आणि भिल्ल बाप व कोरकू आई यांच्यापासून या लोकांची उत्पत्ती झाल्याची एक कथाही देतात. वंशावळीच्या अभ्यासकाने येथे थांबले पाहिजे. एका अख्ख्या समाजाला दोन ओळींत आईबाप देऊन टाकले गेले आहेत. ही कथा कोणी सांगितली, निहालांनी की त्यांच्या शेजाऱ्यांनी, हे कळावयास मार्ग नाही. शेजाऱ्याने सांगितलेली कुळकथा ही बहुतेक वेळा सांगणाऱ्याची पायरी वर ठेवण्यासाठी असते, हे आपल्या खेड्यांतील कोणत्याही भाऊबंदकीत दिसते. भाषेने तर ही कथा उघडच अडचणीत आणली आहे. भिल्ल आणि कोरकू यांच्या बेरजेतून निहालीतील तो न बसणारा अंश निघत नाही. उलट दिशेचा मोहही तितकाच टाळावा. भाषेतील थर म्हणजे रक्तातील थर नव्हेत, आणि निहालीच्या वेगळेपणावरून निहाल हे भारताचे आद्य रहिवासी ठरवणारी विधाने मिश्रणाच्या कथेइतकीच निराधार होत.

कायपर यांच्याच विवेचनातील दुसरा एक मुद्दा अधिक नाजूक आहे. ही भाषा चोरांच्या गुप्त बोलीसारखी वापरली गेली असावी, असा तर्क त्यांनी मांडला. तर्क म्हणून त्याची चर्चा होऊ शकते, व झालीही. पण ज्या देशात १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते व तो कायदा १९५२ साली रद्द होईपर्यंत त्या ठपक्याखाली पिढ्या जन्मल्या, तेथे असे विशेषण भाषेपुरते राहत नाही. ते माणसाच्या नावापुढे जाऊन बसते.

अधिकृत सूचीकडे वळल्यास गुंता निराळ्या प्रकारचा दिसतो. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या सूचीत निहाल हे नाव स्वतंत्र नाही. कोरकू, बोपची, मवासी, निहाल, नाहुल, बोंधी, बोंडेया अशी ती एकच नोंद आहे. प्रशासनाच्या दृष्टीने यात वावगे काही नाही, कारण सूचीचे काम हक्क पोहोचवण्याचे आहे, भाषाकुले लावण्याचे नव्हे. शिवाय सुरुवातीच्या सूचीत विदर्भापुरते क्षेत्रबंधन होते. मेळघाटासारख्या ठरावीक तालुक्यांतील रहिवासी तेवढे अनुसूचित गणले जात, आणि हे बंधन १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने उठले. म्हणजे डोंगराच्या एका बाजूच्या भावाची कायदेशीर ओळख दुसऱ्या बाजूच्या भावाला नव्हती. त्या काळातील वंशावळीवर आजचे नाव मागे ओढून लिहिले, की हा सारा इतिहास पुसला जातो.

येथे एक कबुली द्यावयास हवी. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने सातपुड्यातील काही कुटुंबांच्या पिढ्यांची कोष्टके तयार केली. 'जमात' या रकान्यात एकसूत्रता यावी म्हणून जिथे जिथे निहाल आले तिथे तिथे 'कोरकू (निहाल)' असे लिहिले. सूचीप्रमाणे ते चुकीचे नव्हते. कोष्टके वाचून दाखवली तेव्हा एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, "आमच्या आज्याला कंसात कशापायी घातलं?" त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्यांचे आजोबा कोरकू बोलत असत, बाजारात मराठी बोलत असत, परंतु स्वतःला त्यांनी कधी कोरकू म्हणवले नव्हते. एकसूत्रता माझी होती, आजोबा त्यांचे होते.

अशी कोष्टके निरुपद्रवी असतात असेही समजू नये. जमातीचा दावा पडताळताना आज प्रतिज्ञापत्रावर वंशावळ द्यावी लागते, व वाडवडिलांच्या जुन्या नोंदींना मोठे वजन असते. १९९४ च्या माधुरी पाटील प्रकरणात महादेव कोळी असल्याचा दावा सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला, तेव्हा वडिलांच्या शालेय नोंदीतील 'हिंदू कोळी' हे शब्द निर्णायक ठरले होते. त्या निकालाच्या योग्यायोग्यतेची चर्चा हा आपला विषय नव्हे. खोटे दावे होतात व त्यांनी खऱ्या आदिवासींचेच नुकसान होते, हेही खरे. परंतु शाळामास्तराने दौतीत टाक बुडवून लिहिलेले दोन शब्द दोन पिढ्यांनंतर नातवंडांचे भवितव्य ठरवू शकतात, एवढे लक्षात घेतले म्हणजे 'सोयीसाठी' नाव बदलण्याची आपली सवय किती महाग आहे ते कळेल.

यावर सोपा उपाय म्हणून स्वनाम लिहावे असे सुचवले जाते. ज्या नावाने लोक स्वतःस ओळखतात तेच वापरावे हे तत्त्व म्हणून मान्य आहे, पण व्यवहारात ते वाटते तितके सरळ नाही. गोंड स्वतःस कोइतूर म्हणवतात हे आता सर्वश्रुत आहे. तरी गोंड हे नावही त्यांनी अभिमानाने आपलेसे केले आहे, आणि सोयरीक जुळवताना यांपैकी एकही नाव पुरत नाही. तेथे प्रश्न असतो किती देवांचे, चार, पाच, सहा की सात? विवाहाचे सारे गणित ज्यावर चालते त्या देवसंख्येला आपल्या छापील कोष्टकात जागाच नसते. कोरकू या शब्दाचे तर व्याकरणच मौजेचे आहे. 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय. एका व्यक्तीपुढे 'जमात : कोरकू' लिहिताना आपण 'माणसे' असे लिहीत असतो. निहालांच्या बाबतीत काही अभ्यासकांनी 'कालटो' हे स्वनाम नोंदवले, इतरांनी ते चूक ठरवले. हा वाद मिटण्याआधीच एखाद्या संशोधकाने आदराच्या भरात सर्व कोष्टकांत 'कालटो' लिहून टाकले, तर त्याने रसेलच्या कारकुनाहून निराळे असे काय केले?

म्हणून माझे म्हणणे असे की, एका रकान्यावर तीन कामांचे ओझे टाकू नये. मूळ कागदात जे लिहिले आहे ते अक्षरशः उतरावे, मग ते अशुद्ध असो वा अपमानकारक असो, आणि त्यापुढे कागदाचे वर्ष व लिहिणाऱ्याचा हुद्दा द्यावा. अपमानकारक शब्द नकलेत राहील, पण त्याला मथळ्यात वा सूचीत स्थान मिळू नये. कुटुंब स्वतःस जे म्हणवते ते त्यांच्याच तोंडून घेऊन वेगळे लिहावे. एकाच घरात आजी एक सांगते व नातू दुसरे, असे झाल्यास दोन्ही लिहावीत. अधिकृत सूचीतील नाव तिसऱ्या ठिकाणी, कोणत्या वर्षीच्या आदेशानुसार ते आहे या उल्लेखासह यावे. असे केल्याने कोष्टक अवजड होते, छापखान्याची तक्रार येते, व परीक्षक एकवाक्यता नाही असा शेरा मारतात. तो शेरा आपण सोसावा.

माझ्या त्या जुन्या कोष्टकांचे पुनर्लेखन सध्या चालू आहे. पहिल्या पानावर निहाल हे नाव कंसाबाहेर काढले आहे. पुढच्या पानांसाठी त्या घरी पुन्हा जावे लागेल, कारण तेव्हा आजीच्या माहेरचे नाव विचारायचेच राहून गेले होते.