गळ, गप्पा आणि उतरते वय

बीबीसीची 'मॉर्टिमर अँड व्हाइटहाउस : गॉन फिशिंग' ही मालिका २०१८ साली सुरू झाली. २०१५ मध्ये बॉब मॉर्टिमर यांच्यावर बायपास शस्त्रक्रिया झाली. पॉल व्हाइटहाउस हेही हृदयरोगी. खचून घरी बसलेल्या दोस्ताला पॉल यांनी नदीकाठी नेले, त्यातूनच ही मालिका उभी राहिली. दोघेही नामवंत विनोदी नट. बॉब काठावर घसरून पडतात तेव्हा हसू येते, पण त्यात काळजी मिसळलेली असते. मृत्यूविषयी ते बोलतात. रडगाणे गात नाहीत. पकडलेला मासा पाण्यात सोडून देतात. निसर्गदृश्ये कधीकधी जाहिरातीसारखी गुळगुळीत वाटतात, हे खरे. तरीही म्हातारपणाची टर न उडवता विनोद करता येतो, याची खात्री आम्हांला इथे पटली. आजाऱ्याची विचारपूस फोनवरच उरकण्याच्या या काळात दोस्ताशेजारी दिवसभर बसून राहणे, हीच खरी तीमारदारी.